सुक्या चुन्यावरचा पडदा

करोल बाग,
९ जानेवारी २०२५

चि. मयुरा,

घरमालकांनी इमारत पाडायची तारीख दिली आहे, म्हणून हे पत्र लिहिते आहे. एरवी लिहिलं नसतं. वीस मार्चला काम सुरू होणार. अठराला मी नोएडाला भाड्याच्या जागेत जाईन. फोन करू नकोस. उजवा कान पूर्ण गेला आहे, आणि डाव्यात यंत्र घातलं तरी फोनवरचा माणूस पत्र्याच्या डब्यात बसून बोलल्यासारखा वाटतो.

माझं सामान चार पेट्यांत मावतं. प्रश्न दादाच्या भिंतींचा आहे. घरमालकांची सून चेतना परवा येऊन म्हणाली, "आंटीजी, जो टुकड़ा पसंद हो, एक निकलवा लीजिए. पूरी दीवार का टाइम नहीं है." मुलगी भली आहे. तिच्या सासऱ्यांनी तर दादाला भिंतीला पहिला खिळा ठोकू देतानाच दोनदा विचार केला होता.

तेव्हा एकच तुकडा निघेल. कोणता, ते तू सांगायचंस. तू त्याची मुलगी आहेस. तो गेला तेव्हा तू विमानतळावरून थेट स्मशानात आलीस आणि घरी पाय न ठेवता तिथूनच परत गेलीस, पण त्याने नातं बदलत नाही.

तुला खोली सोडून तेवीस वर्षं झाली, म्हणून काय काय आहे ते लिहिते. दारासमोरची भिंत रोमन लोकांच्या पहिल्या शैलीतली: गिलाव्याला उठाव देऊन, रंगवून, भारी संगमरवराचे चिरे रचल्याचा आव आणलेला. उजवीकडची दुसऱ्या शैलीतली: खोटे खांब, खोटा सज्जा, त्यापलीकडे खोटी बाग, पाहणाऱ्याला वाटावं भिंत नाहीच. डावीकडची तिसऱ्या शैलीतली: सपाट काळा आणि तांबडा रंग, वेलीइतके बारीक खांब, आणि मधोमध एक चित्र, लाल पडद्याचं. चौथी शैली त्याने केलीच नाही. त्या बाजूला खिडक्या आहेत, हे त्याचं कारण. माझ्या मते दम संपला होता.

माझा सल्ला: खांबांचा भाग घे. काम पक्कं आहे, ओल्या चुन्यात केलेलं आहे, शंभर वर्षं टिकेल. डाव्या भिंतीतला मधला पडदा घेऊ नकोस. खोलीतलं ते सर्वांत कच्चं काम. त्याच्यावर मी इतर सगळ्या भिंतींपेक्षा जास्त कष्ट घेतले आहेत, तरी चित्र म्हणून ते सामान्यच.

उत्तर पोस्टाने पाठव. पुण्याचा पत्ता तोच आहे असं धरते.

साधनाआत्या

*

पुणे,
२३ जानेवारी

ती. आत्यास,
नमस्कार.

पत्र मिळालं. मला कोणताच तुकडा नको. खांबही नकोत. पडदा तर बिलकुल नको.

एकच विचारते. तू फोनवर बोलू शकायचीस तेव्हा दर रविवारी मी विचारायचे, "भिंत कशी आहे?" आणि तू म्हणायचीस, "पडदा जागच्या जागी आहे. एक खपली हलू दिली नाही." मी "अच्छा" म्हणायचे आणि फोन ठेवायचे. आठवतं?

तर त्या खपल्या चिकटवायला तुला बाबांनी सांगितलं होतं का? हो की नाही एवढंच लिही. बाकी घराचं, कानांचं, नोएडाच्या जागेचं मला वाईट वाटतं. सामान हलवायला कोणी हवं असेल तर सांग, व्यवस्था करते.

मयुरा

*

करोल बाग,
३० जानेवारी

चि. मयुरा,

आधी एक गोष्ट. पत्राच्या माथ्यावर तू पुणे लिहिलं आहेस आणि पाकिटावर शिक्का मानेसरचा आहे. माझे कान गेले आहेत, डोळे नाहीत. खुलासा मागत नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: हो.

ज्या स्वरात विचारलं आहेस त्यावरून मी काही आगाऊपणा केला असं तुला वाटतं आहे. म्हणून सविस्तर लिहिते. मी निवृत्त होऊन देहरादूनहून इथे आले २०११ साली. त्याआधी शेवटची सुट्टी घेऊन आले होते, तू पुण्याला जायच्या आधी, तेव्हा मधल्या चौकोनात तू होतीस, पाठमोरी, फांदीकडे हात केलेली. परत आले तर तिथे लाल पडदा. चौकोनाभोवती गिलाव्याचा सांधा स्पष्ट दिसत होता. मी समजले की तुझं चित्र छिन्नीने काढून टाकलं, नवा गिलावा भरला आणि त्यावर पडदा काढला. विचारलं, तर म्हणाला, "बदललं." राधावहिनी असत्या तर त्यांनी पुढचं विचारलं असतं. मी विचारलं नाही. बापलेकीत पडायची मला हौस नव्हती.

पुढच्याच वर्षी, फेब्रुवारीत, पडद्याची पहिली खपली पडली. मी भाजी घेऊन आले तर दादा झाडू घेऊन उभा.

"अरे, हे काय लोटतोयस?"

"राहू दे गं. पडलं ते पडलं."

"स्वतःचं काम कचऱ्यात टाकायचं?"

"माझंच आहे म्हणून तर म्हणतो," म्हणाला आणि हसत बसला. आळशी तो पहिल्यापासूनच. मी सुपलीतून खपली उचलली आणि त्याच आठवड्यात जागेवर बसवली. चौतीस वर्षं पुरातत्त्व खात्यात मी हेच केलं होतं. लेण्यांमध्ये रंग सुक्या गिलाव्यावर लावलेला असतो. तिथे खपली म्हणजेच चित्र. ती गेली की हजार वर्षं गेली. खपली दिसली की माझा हात आपोआप पुढे होतो.

बाजारातला प्लॅस्टिकचा डिंक वापरला असता तर सोपं होतं. पण दादाला त्याचा वासही चालायचा नाही. "रोमन लोकांकडे होता का?" म्हणायचा. म्हणून मी त्याच्याचसाठी दुधातलं केसीन आणि मुरलेला चुना एकत्र करून बारीक सिरिंजने खपलीमागे भरत असे. जुनी पद्धत. दगडासारखी धरते.

२०१५ साली त्याला झटका आला. वाचा आणि उजवी बाजू गेली. तेव्हापासून तर तो रोज स्वतः दाखवायचा. खुर्ची भिंतीसमोर ठेवायला लावायचा, जिथे रंग सुटलेला असेल तिथे डावं बोट करायचा आणि "आ, आ" म्हणायचा. मी सिरिंज भरून बसले की डोळे मिटून घ्यायचा. त्याला किती समाधान वाटत असे ते मला दिसत होतं. याहून स्पष्ट सांगणं ते कोणतं?

तेव्हा आता तुकडा कोणता ते कळव. कारागिरांना आधी सांगावं लागतं.

साधनाआत्या

*

मानेसर,
९ फेब्रुवारी

आत्या,

चौदा महिन्यांपासून इथे आहे. कंपनीने पाठवलं. केतन, संसार सगळं पुण्यातच आहे, मी इथे एका खोलीत राहते, सकाळी कंपनीच्या बसने प्लांटवर जाते. दोनदा करोल बाग मेट्रोवर उतरले. बाजारातून चक्कर मारली, एक स्वेटर घेतला आणि परत गेले. सांगितलं नाही कारण सांगितलं असतं तर यावं लागलं असतं.

आता मी जे लिहिते ते नीट वाच. रागावून लिहीत नाही. तुझं पत्र वाचलं तेव्हा आधी राग आला होता, आता तो कुठे ठेवू तेच कळत नाही.

मी सहा वर्षांची असल्यापासून बाबांनी मला चुना भिजवायला लावलं होतं. त्यांना मी त्यांची वारस हवी होते. मी इंजिनीअर होऊन पुण्याची नोकरी घेतली तेव्हा म्हणाले, "जा. तुझी जागा मोकळी करतो." तू तेव्हा देहरादूनला होतीस. आई गेली तेव्हा, २००४ मध्ये, मी दोन दिवस आले. भिंतीत मी नव्हते, पडदा होता. बोललेलं करून दाखवलं, असं वाटलं.

बाबा आंघोळीला गेले तेव्हा मी जवळ गेले. अंगठा ओला करून पडद्याच्या कडेला घासला. अंगठा लाल झाला.

आत्या, तू केमिस्ट आहेस. तो रंग सरसात कालवलेला होता. सुक्या भिंतीवर. आणि ती भिंत साधी नाही. जयपूरच्या शंकरलालजींनी त्यांना आराईश शिकवली होती: चुना, मकराण्याच्या संगमरवराची पूड, आणि ओलं असतानाच अकीकाच्या दगडाने घासघासून आरशासारखं करायचं. रोमन लोकही तसंच घोटायचे. त्या घोटलेल्या अंगावर सरस टिकत नाही, हे मला दहाव्या वर्षी माहीत होतं. त्यांना माहीत नसेल?

आणि सांधा! मधल्या चौकोनाला सांधा पहिल्यापासून होता. रोमन कारागीर वरून खाली पट्ट्यापट्ट्याने भिंत उतरवत आणायचे आणि मधली जागा रिकामी सोडायचे. तिथला गिलावा सगळ्यात शेवटी घालायचे, कारण मधलं चित्र काढणारा माणूस वेगळा, मोठा. बाबांनी तसंच केलं. मी समोर स्टुलावर उभी होते, मला माहीत आहे. जुनं चित्र खरंच घालवायचं असतं तर ते टाचून काढतात, टोकदार हातोडीने सगळीकडे खड्डे पाडतात, म्हणजे नवा चुना धरतो. मी घासलं तिथे खाली गुळगुळीत होतं. टाचल्याची एकही खूण नव्हती.

म्हणजे मी खाली होते. आणि वर त्यांनी असा पडदा काढला होता जो पडणारच होता. त्यांना तोंडाने कधी काही मागे घेता आलं नाही. मी समजले की ते मला भिंतीकडून बोलवून घेणार आहेत. मी पण त्यांचीच मुलगी. म्हटलं, पडू दे, मग येते.

मी आठ वर्षं वाट बघितली. तू २०१२ मध्ये फोनवर म्हणालीस, "पडद्याची खपली निघाली." मी ऑफिसात रजा टाकली, तिकीट काढलं. पुढच्या रविवारी तू म्हणालीस, "बसवली. आता पक्की." मला वाटलं, त्यांनी मत बदललं. त्यांनीच तुला बसवायला लावली. मी तिकीट कॅन्सल केलं. मग दर रविवारी विचारत राहिले आणि तू दर रविवारी तेच सांगत राहिलीस.

आता तू लिहितेस की ते झाडू घेऊन उभे होते.

एकदा टॉर्च घेऊन बघ. भिंतीला चिकटवून, आडवा प्रकाश टाक. त्यांनी माझी रेषा ओल्या चुन्यात बोथट सळईने कोरून घेतली होती. मी खाली असेन तर ती दिसेल.

मयुरा

*

करोल बाग,
२८ फेब्रुवारी

मयुरा,

तुझं पत्र येऊन सतरा दिवस झाले. पहिले चार दिवस मी तुला चूक ठरवणारं उत्तर लिहीत होते. ते फाडलं.

पाचव्या दिवशी दुपारी खिडक्यांना चादरी लावल्या आणि टॉर्च भिंतीला टेकवून धरला. रेषा आहे. वेणी, खांदा, फांदीकडे गेलेला हात, फ्रॉकचा घेर. टाचल्याची खूण एकही नाही. मी त्या चौकोनासमोर सहा वर्षं सिरिंज घेऊन बसले आणि एकदाही आडवा प्रकाश टाकून पाहिलं नाही. दुसऱ्या कोणी असं काम केलं असतं तर मी त्याला प्रयोगशाळेतून बाहेर काढलं असतं. दुसऱ्याच्या भिंतीवर मी ते पहिल्याच दिवशी केलं असतं. ही घरची होती. मला वाटलं, मला माहीत आहे.

मग उघडायचा प्रयत्न केला. पाणी, गरम पाणी, अमोनिया, माझ्याकडे होतं ते सगळं. काही उपयोग झाला नाही. चुना आणि केसीन एकदा धरलं की पुन्हा विरघळत नाही. प्लॅस्टिकचा डिंक वापरला असता तर कापूस आणि ॲसिटोन घेऊन महिन्याभरात तुला बाहेर काढलं असतं. मी त्याचा मान राखायला म्हणून जे निवडलं, तेच नेमकं सुटत नाही. खालचा सरस केव्हाच मेला आहे; पडदा आता माझ्या चुन्यावर उभा आहे.

एक जागा उघडली. चौकोनाची खालची वीतभर पट्टी लोखंडी कपाटाच्या मागे होती, तिथे माझा हात पोचत नसे. कपाट सरकवलं. कोरडा ब्रश फिरवला तर पडदा पापुद्र्यासारखा गळला. दोन्ही पाय, हिरव्या फ्रॉकची कड, खाली गवत. रंग कालच्यासारखा ताजा आहे. निघालेल्या खपल्या झाडून टाकल्या. आयुष्यात पहिल्यांदा.

त्यावर थांबायला हवं होतं. थांबले नाही. धारदार सुरी घेऊन वर सरकले आणि डाव्या घोट्यावर ती खोल गेली. चुन्यासकट रंग निघाला. ओल्या चुन्यातलं चित्र असंच जातं, भिंतीसकट. तेव्हा थांबले.

आता जे लिहायचं आहे ते लिहिते. तुझ्या प्रश्नाला मी हो असं उत्तर दिलं होतं. ते खोटं ठरलं. तो मला दाखवत होता की इथे सुटलं आहे, इथे पडू दे. मी सिरिंज भरली की डोळे मिटायचा. त्याला समाधान वाटतं असं मी तुला लिहिलं. त्याला ते बघवत नव्हतं.

आणखी एक आहे. मी ते मागच्या पत्रात लिहिलं नाही, कारण मला ते महत्त्वाचं वाटलं नव्हतं. एक दिवस त्याने माझा हात ढकलला. मी त्याचा हात धरून त्याच्या मांडीवर ठेवला आणि म्हटलं, "शहाण्यासारखं बस, दादा. शेवटचं थोडंच राहिलं आहे." त्यानंतर त्याने भिंतीकडे बोट केलं नाही. पुढे दीड वर्ष जगला. रोज त्याच खुर्चीत बसायचा, पण तोंड खिडकीकडे. मी समजले, काम मनासारखं झालं.

तुकडा कोणता ते अजून तू कळवलेलं नाहीस.

साधना

*

मानेसर,
५ मार्च

आत्या,

पत्र बसमध्ये वाचलं. शेजारची बाई विचारत होती, "मॅडम, घर में सब ठीक?" मी म्हटलं, हाँ हाँ.

पुढे हात लावू नकोस. ब्रशही नको. मधला चौकोन पूर्ण काढ, पडद्यासकट. मला तो तसाच हवा.

मी तुला माफ केलं असं लिहिणार नाही. केलं की नाही ते मला माहीत नाही. माझंही एक आहे. त्या सहा वर्षांत मी तुला एकदाच म्हटलं, "बाबांना फोन दे." तू म्हणालीस, "नको म्हणतोय." मी दुसऱ्यांदा म्हटलं नाही. माझं तिकीट मी कॅन्सल केलं, तू नाही.

रविवारी, सोळाला, सकाळी येते. गाडी घेऊन.

मयुरा

*

करोल बाग,
१७ मार्च २०२५

मयुरा,

काल निघायच्या घाईत कागद करायचा राहिला. दिलेल्या वस्तूची नोंद नसली तर पन्नास वर्षांनी ती वस्तू कोणाची, काय, कोणाला सांगता येत नाही. म्हणून हे दोन प्रतींत पाठवते आहे. एक सही करून नोएडाच्या पत्त्यावर परत पाठव.

नोंदीआधी थोडं लिहिते, कारण काल बोललेलं अर्धं मला ऐकू आलं नाही आणि मी नुसती मान हलवली. तू जमिनीवर बसून पायांकडे बघत म्हणालीस, "एवढे मोठे नव्हते माझे पाय." मी म्हटलं, "नऊ वर्षांच्या मानाने मोठेच होते. दादा म्हणायचा, ही ताडमाड होणार." तू म्हणालीस, "झाले नाही ना." एवढं नीट ऐकू आलं. तू हसलीस तेही दिसलं.

कारागीर चित्र धरून ठेवायला त्यावर मलमल चिकटवत असताना तू काहीतरी विचारलंस आणि मी चहा हवा का असं उत्तर दिलं. मग तू माझ्या डाव्या बाजूला येऊन पुन्हा विचारलंस, "त्यांनी हात ढकलला तेव्हा, जोर होता?"

"होता," मी म्हटलं. "सिरिंज पार दारापर्यंत गेली."

तू "बरं" म्हणालीस. आणखी काही म्हणाली असशील तर मला कळलं नाही. लिहून कळवायचं असेल तर कळव.

तुकडा तडकला त्यात कारागिरांचा दोष नाही. तीन बाजू सांध्यावर सरळ सुटल्या, दादाने मधला चौकोन शेवटी भरला होता म्हणूनच. वरची बाजू विटेला धरून राहिली. तू तळहात खाली धरले नसतेस तर वरचा भाग जमिनीवर आला असता.

दिलेल्या वस्तूंची नोंद

१. भिंतीचा तुकडा, चुन्याचा, ९२ बाय ७४ सेंटिमीटर, दोन भागांत. तडा खांद्याच्या उंचीवर, आडवा. पुढच्या बाजूला मलमल सरसाने लावलेली आहे. ती कोमट पाण्याने काढावी, पाठीला आधार दिल्यावरच. तोवर तुकडा उभा ठेवावा, आडवा नाही. ओल नसलेल्या खोलीत.

दिसतं ते: लाल पडदा, सुक्या चुन्यावर, सरसात, चुना आणि केसीनने पक्का केलेला. खाली एक वीत उघडी: दोन पाय, हिरवी कड, गवत, ओल्या चुन्यात.

दिसत नाही ते: नऊ वर्षांची मुलगी, पाठमोरी. सन १९८८. चित्रकार पद्माकर निमकर. आडव्या प्रकाशात रेषा दिसते. उघडण्याचा प्रयत्न करू नये. पुढे कधी हे सोडवणारं द्रव्य सापडलं तर ज्याला सापडेल त्याने करावं, घाईने नाही.

नुकसान: डावा घोटा, तीन सेंटिमीटर, माझ्या हातून, फेब्रुवारी २०२५. तिथे रंग भरू नये.

२. रंगांच्या सहा बाटल्या: गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, चुन्याचा पांढरा, आणि तांबं व वाळू भट्टीत भाजून दादाने केलेला निळा, थोडा. तू मागितल्या नव्हत्या. घेतल्यास.

३. उपचारांची वही, एक, पाने भरलेली. ही तू काल गाडीत बसल्यावर मी काचेतून दिली. काय आहे ते सांगितलं नाही, म्हणून इथे लिहिते. प्रयोगशाळेतली सवय म्हणून बसवलेल्या प्रत्येक खपलीची मी नोंद ठेवत असे: तारीख, जागा, आकार, द्रव्य, आणि कोणी दाखवली. सप्टेंबर २०१५ पासून पुढे त्या शेवटच्या रकान्यात "दादा" असं एकशे एकतीस वेळा लिहिलेलं आहे. काल सकाळी तू यायच्या आधी मोजलं. प्रत मी ठेवलेली नाही.

शेवटची नोंद ११ मे २०१८ ची आहे. जागा: पडद्याचा वरचा उजवा कोपरा; तिथे खाली तुझ्या हाताची बोटं आहेत, हे आता कळतं. शेरा माझ्या अक्षरात: "दादाने अडथळा केला. तरी काम पूर्ण."

देणारी: साधना निमकर
घेणारीची सही: